उतरंड

रात्रीचे दोन. सेफ (Ceph) या डेटा साठवणाऱ्या प्रणालीच्या क्लस्टरमध्ये एक डिस्क ८७ टक्के भरलेली, शेजारची जेमतेम ६० वर. मूळ सेटिंगप्रमाणे ८५ला इशारा मिळतो, ९५ला लिहिणंच थांबतं. बाकीच्या डिस्कांत जागा असूनही एकीपायी सगळ्यांचं काम अडतं.

पूर्वी मी घाई करायचो. डिस्कांची वजनं, म्हणजे कुणावर किती डेटा ठेवायचा ते, भराभर बदलायची, की ढीगभर डेटा एकदम उठून चालू लागायचा आणि माझा फोन खणखणायचा. आता डेटा सारखा वाटणाऱ्या सेफच्याच बॅलन्सरवर सोपवतो. योग्य जागी पोहोचायचा बाकी असलेला डेटा ५ टक्क्यांवर गेला, की तो नवं काही हलवत नाही, थांबतो. एखादी डिस्क बंद पडून डेटाच्या प्रती कमी झाल्या असतील, तर हातच लावत नाही. आधी दुरुस्ती, मग समतोल. नवी प्रत पुरती उतरल्याशिवाय जुनी पुसली जात नाही, म्हणून सगळ्या प्रती शाबूत राहतात.

आजी उतरंड हलवायची ती आठवते. हातातलं मडकं नीट टेकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायची नाही. मला वाटायचं, किती हा वेळ! पण तिचं एकही मडकं फुटलेलं मी पाहिलं नाही.

८७चे ८६ झाले. आता झोपायला हरकत नाही.