०२६

आज भाच्याचा सिबिल अहवाल चाळला. दुचाकीच्या कर्जाखाली महिन्यांची चौकट. सगळीकडे ०००, फक्त मार्चच्या घरात ०२६. पाच तारखेचा हप्ता महिनाअखेरीस सव्वीस दिवस थकलेला, एवढाच त्याचा अर्थ. पगार लांबला होता बिचाऱ्याचा. पण चौकटीत कारण लिहायला जागा नसते. छत्तीस महिन्यांचा हिशेब तिथे दिसत राहतो.

"मामा, एक जण पैसे घेऊन हे पुसून देतो म्हणतोय." डोंबल! खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने रोज १०० रुपये भरपाई मिळते. वर्षातून एकदा अहवालही फुकट.

त्याला म्हटलं, तडजोड करून कर्ज मिटवू नकोस, 'सेटल्ड'चा शिक्का उशिरापेक्षा वाईट. कार्डाची मर्यादा तिसऱ्या हिश्श्याच्या आतच वापर. घाईने चार ठिकाणी नव्या कर्जाचे अर्ज तर नकोच. प्रत्येक चौकशीची नोंद होते. बाकी हप्ते वेळेवर जाऊ देत. पगार एक तारखेला, हप्ता पाचला. मधल्या चार दिवसांत खात्यात पैसे टिकणं हेच त्याचं अवघड काम.