कोरा राहिलेला रकाना

२०२१ सालची बकरी ईद २१ जुलैला होती. कोरोनाचे निर्बंध असल्यामुळे नमाज घरातच झाली. कुर्बानीचे निम्मे वाटे पोहोचवले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे ठरवून फ्रीजमध्ये ठेवले. ती सकाळ आलीच नाही. २२ तारखेच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. अम्मीला वर नेले, कुरआन शरीफ आणि कागदपत्रांची एक पिशवी वर नेली, आणि खिडकीतून खाली पाहिले तर अंगणातली आमची गाडी दिसेनाशी झाली होती. पाच महिन्यांची गाडी. थोड्या वेळाने तिचे छप्परही पाण्याखाली गेले.

ज्यांची माणसे गेली, दुकाने गेली, त्यांच्यापुढे आमचे दुःख काहीच नव्हते. पण त्या गाडीच्या निमित्ताने आमच्या घरात जे झाले ते सांगण्यासारखे आहे.

गाडी घेताना निम्मे पैसे कुवेतहून भाईजानने पाठवले होते, निम्मे अब्बांच्या ठेवीतले. तेवढ्यात बसले ते सर्वांत खालचे मॉडेल. साधी लोखंडी चाके, आत रेडिओसुद्धा नाही. मग घरातल्या पोरांनी बाजारातून एकेक वस्तू बसवायचे ठरवले. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, स्पीकर, फॉगलॅम्प मिळून २९ हजार. अलॉय व्हील आणि सीट कव्हर मिळून साडेचोवीस हजार. वरच्या मॉडेलला लाखभर जास्त मोजण्यापेक्षा हे स्वस्तच, असा आमचा हिशेब.

शोरूममधल्या पोराने विम्याचा फॉर्म भरताना दोनदा विचारले, "चाचा, बाहेरून काही बसवणार आहात का? इथे लिहावं लागतं." फॉर्मवर दोन रकाने होते, एक इलेक्ट्रिकल वस्तूंचा आणि एक बाकीच्यांचा. इलेक्ट्रिकल वस्तूंच्या किमतीवर साधारण चार टक्के जादा हप्ता पडतो. बाकीच्यांची किंमत गाडीच्या किमतीत मिळवून त्यावर हप्ता धरतात. सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास वाढले असते. आमच्या ओळखीच्या एजंटाने हळूच सांगितले, "कोरं सोडा हो, कोण बघतंय?" अब्बांनी रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली. सहीच्या वर छापलेले होते की दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे.

अब्बांची गंमत अशी की त्यांनी तीस वर्षे जहाजावर काढली. सुट्टीवर येताना मुंबईच्या कस्टमपुढे ते ट्रान्झिस्टरपासून अत्तराच्या बाटलीपर्यंत सगळ्याची यादी देत. सोबतचे खलाशी त्यांना हसायचे. तोच माणूस इथे दोन हजारांसाठी गप्प बसला, आणि आम्हीही सगळे गप्प बसलो. उलट त्या दोन हजारांत सीट कव्हर जरा भारीतले आले म्हणून खूश झालो.

पाणी ओसरल्यावर एक शहाणपण मात्र आम्ही केले. धाकट्याला किल्ली फिरवू दिली नाही. पाणी गेलेले इंजिन सुरू केले की आतून मोडते, आणि ते नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. कंपनीला फोन केला, गाडी ओढून वर्कशॉपमध्ये नेली. काही दिवसांनी सर्व्हेअर आला. बिचारा किती गाड्या बघून आला होता कोण जाणे, बूट चिखलाने भरलेले. त्याने आत डोकावून पॉलिसीचा कागद पाहिला आणि विचारले, "या मॉडेलला स्क्रीन येत नाही, अलॉय येत नाहीत. कागदावर तर दोन्ही रकान्यांत शून्य आहे."

तेव्हा आम्हाला नीट समजले. कंपनीने कारखान्यातच बसवलेली वस्तू त्या मॉडेलच्या किमतीत धरलेली असते, ती वेगळी लिहावी लागत नाही. पण आपण शोरूममध्ये वा बाजारात वर जे चढवतो ते विमा कंपनीच्या लेखी नसतेच. तिला आमची गाडी रेडिओ नसलेली, लोखंडी चाकांची अशीच माहीत होती. तशीच तर आम्ही सांगितली होती.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या पाऊण हिश्शापेक्षा जास्त निघाला, म्हणून गाडी पूर्ण नुकसानीत धरली गेली. शोरूमची किंमत ५ लाख २० हजार होती. त्यातून पाच टक्के घट धरून विमा किंमत ४ लाख ९४ हजार ठरलेली होती, आणि त्यातून सक्तीचे एक हजार वजा. रस्ता कर आणि नोंदणीचे पैसे त्यात धरलेले नव्हते, हेही तेव्हाच कळले. वर चढवलेल्या साडेत्रेपन्न हजारांचा एक रुपया नाही.

एजंट पुन्हा आला. म्हणाला, "दुकानदाराकडून शोरूमच्या नावाचं बिल करून आणतो. तुम्ही म्हणा, आम्ही सांगितलं होतं, शोरूमच्या पोरानं लिहायचं राहून गेलं."

त्या रात्री घरात मोठा वाद झाला. लाइट नव्हती, मेणबत्तीच्या उजेडात भांडत होतो. धाकट्याचे म्हणणे, कंपनी इतकी वर्षे सगळ्यांचे हप्ते खाते, तिला काय फरक पडतो? भाभीचे म्हणणे, आत्ता पन्नास हजार म्हणजे घराचा रंग आणि फ्रीज. खोटे तर खोटे, पण गरज खरी आहे. (विमा मुळात जायज की नाजायज, हा चाचांचा आवडता वादही मध्येच निघाला. तो इथे नको. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच घ्यावा लागतो, एवढे सांगून अम्मीने तो मिटवला.)

मग आपा म्हणाली, "त्या पोराचं घर बघितलं का कोणी? त्याच्या खेर्डीच्या खोलीत छतापर्यंत पाणी होतं. दोनदा विचारलं त्यानं. आता त्याच्यावर ढकलायचं?"

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "खोटं आज बोलायचं की नाही, हा प्रश्नच नाही. ते मी फेब्रुवारीतच बोललोय. सही माझी आहे. ते पन्नास हजार मीच घालवले."

बिल आणले नाही. भाभी दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही, आणि तिचे चुकले असे आम्हाला आजही म्हणवत नाही.

पुढच्या वर्षी दुसरी गाडी आली, तीही खालच्याच मॉडेलची. या वेळी अब्बा फॉर्म घेऊन बसले ते कस्टमच्या काउंटरवर बसल्यासारखे. स्क्रीन, कॅमेरा, चाके, प्रत्येकाची किंमत, प्रत्येकाचे पक्के बिल. पक्क्या बिलावर जीएसटी पडतो म्हणून दुकानदार कुरकुरला, तरी घेतले. सहा महिन्यांनी डॅशकॅम बसवला तेव्हा कंपनीला लेखी कळवले, उरलेल्या मुदतीचा थोडा हप्ता भरला आणि पॉलिसीला जोडायचा दुरुस्तीचा कागद मागून घेतला. पुण्याच्या मामूंनी आपल्या गाडीत बाहेरून सीएनजी किट बसवला आहे. त्यांनाही अब्बांनी फोन करून विचारले, आरसी बुकात चढवला का, विमा कंपनीला कळवला का? आरसीत चढवला होता, कंपनीला कळवायचे राहिले होते. मामूंनी आठवड्याभरात कळवले.

आमच्या पहिल्या गाडीची बाजारातली बिले कपाटाच्या खालच्या खणात होती, त्यांचा लगदा झाला. आता बिले वरच्या मजल्यावर पत्र्याच्या पेटीत असतात, आणि प्रत्येकाचा फोटो कुवेतला भाईजानच्या फोनवर जातो. परवा त्याने विचारले, "अब्बा, चारशे रुपयांच्या मॅटचं बिल मला कशाला?" अब्बांनी उत्तर दिले नाही, पुढचा फोटो पाठवला.