तेर्साची वेळ

सगळे देव सारखेच, असं आमच्या शेजारची मांय कधीच म्हणाली नाही. ती गेल्यापासून लोक हे वाक्य हमखास तिच्या तोंडी घालतात आणि मला ते ऐकवत नाही. तिचा देव एकच होता. त्याच्या वेळा ठरलेल्या होत्या, आणि त्यापुढे घरातलं कुठलंही काम मोठं नव्हतं.

गोव्यातल्या आमच्या पेडण्याच्या सेंट जोसेफ इगर्जीची सांजेची घंटा झाली की ती हातातलं टाकायची. मासळी निवडत असली तरी हात धुऊन, पदराला पुसून थेट ओतरापुढे, घरच्या देव्हाऱ्यापुढे. मागे मुलं, सुना, नातवंडं गुडघ्यांवर. आम्ही शेजारची पोरं दारात. तिच्या जपमाळेचे लाकडी मणी वापरून काळे, गुळगुळीत झाले होते. एक मणी कधीतरी हरवलेला, त्या जागी सदऱ्याचं पांढरं बटण ओवलेलं. तिथे आलं की तिचा अंगठा किंचित थांबायचा. थोरला मुलगा तेव्हा आखातात होता. त्याचं नाव ती तिथे घेत असावी, असं मला आपलं वाटे.

तेर्स, जपमाळेची ती प्रार्थना, संपला की लहानथोर सगळे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागत आणि ती एकेकाच्या कपाळावर क्रूस काढी. आम्हाला ‘देव बरें करूं, पुता’ म्हणे, पण आमच्या कपाळाला बोट लावत नसे. मी एकदा हट्टच धरला. तर म्हणाली, ‘तुज्या आवयक विचारल्याबगर कसो काडूं?’

पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं ते १७८८ साली. डिचोली त्याआधी काही वर्षं. या नव्या काबिजादी, पोर्तुगीजांना मागाहून मिळालेला मुलूख. तिसवाडी, बार्देश, साष्टीत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली, धर्मांतरं झाली, ते इथे तसं घडलं नाही. देवळं जागच्या जागी राहिली, ख्रिस्ती घरं मोजकीच. अशा गावात आपलं जपणं म्हणजे रोजचं काम असतं. मांयच्या शिस्तीला ताठा म्हणणारेही होते. मला तो ताठा कधी वाटला नाही. जिला आपली रेघ नीट ठाऊक होती, ती दुसऱ्याच्या रेघेवरही पाय देत नव्हती.

तिचं माहेर डिचोलीचं. तिकडची मुलं सात बहिणींची गोष्ट ऐकतच मोठी होतात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, इकडे आमच्या पेडण्यात मोरजीची मोरजाई; आणि मिराबाय म्हापशाला गेली, ती मिलाग्र सायबीण झाली. ईस्टरनंतर पंधरवड्याने, सोमवारी सायबिणीचं फेस्त. तेल वाहायला, मेणबत्त्या लावायला हिंदू-ख्रिस्ती एकाच रांगेत. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची जत्रा, धोंड, म्हणजे लईराईचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांतून चालतात. म्हापशाहून लईराईला तेल आणि लईराईकडून सायबिणीला मोगरीची फुलं, अशी रीत सांगतात.

मांय दर वर्षी फेस्ताला जायची. शिरगावच्या होमाला कधी गेली नाही. पण जत्रेआधी धोंडाचं व्रत धरलेले माझे काका आमच्याकडे उतरले, की तिच्या चुलीवर सुकी मासळी भाजणं बंद. ‘वास येता न्हय तांकां,’ एवढंच. बहिणींची ती गोष्ट तुला खरी वाटते का, असं मी विचारलं तेव्हा ती नेवऱ्यांना मुरड घालत होती. मान वर न करता म्हणाली, ‘सायबीण म्हजी आवय. तिच्यो भयणी कोण, तें तिका खबर.’

नवरा तारवटी, जहाजावर नोकरीला, लवकर गेला. काजूच्या दिवसांत बिया गोळा करून, घरचे माड राखून तिने मुलं वाढवली. याविषयी ती बोलत नसे. नाताळला कुसवादाचं ताट मात्र आमच्याकडे पहिलं यायचं. दोदोल, नेवऱ्या, कुलकुलं.

ती गेली तेव्हा बटणाची ती जपमाळ तिच्या बोटांत गुंफूनच तिला पेटीत ठेवलं. सांगून ठेवलं होतं, फोंडावर, थडग्यावर, संगमरवर नको, त्या पैशांत भिकाऱ्यांना जेवण घाला. वर्षाच्या मिस्सेनंतर सोप्यात पंगत बसली. वाढण्याआधी प्रार्थना म्हणायची, तिथे सगळं अडलं. आजवर सुरुवात मांयच करत आली होती. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने बायकोकडे. शेवटी तिनेच आवाज लावला, जरा चढ्या पट्टीत, आणि बाकीचे तिला सांभाळत मागून आले.