देवळालीचा ताप आणि पस्तीसचा भाव

इंग्रजी कोशांत आमच्या गावाची नोंद सापडते, पण ती गाव म्हणून नव्हे. ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट. आणि हा शब्द आला तो थेट देवळालीवरून. १८६१ साली ब्रिटिशांनी येथे लष्करी छावणी वसवली. हिंदुस्थानातील मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी परतण्यापूर्वी येथे येऊन थांबत. त्यांना नेणारी जहाजे साधारणतः हिवाळ्याच्या मोसमातच सुटत. ज्याचे शेवटचे जहाज चुकले, त्याला पुढच्या मोसमापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, येथेच बसून राहावे लागे. कवायत जेमतेम, कामगिरी कसलीच नाही, लढाईचा तर प्रश्नच नाही. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत ह्या रिकाम्या दिवसांविषयी लिहिले आहे. वर्षानुवर्षे नीट वागलेली माणसे येथे येऊन बिघडत. शब्दाचे मूळ रूप ‘डूलॅली टॅप’ असे होते. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण ‘डोक्याला ताप’ हा वाक्प्रचार आपण दिवसातून चारदा तरी वापरतो.

या शब्दकथेकडे आम्ही बरीच वर्षे एक गंमत म्हणून पाहत होतो. परंतु विश्रांती म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार करू लागलो, तेव्हा ती गंमत राहिली नाही. त्या सैनिकांपाशी विश्रांतीचे सारे साहित्य होते. हवा थंड आणि कोरडी, पोटाला अन्न, अंगावर जबाबदारी नाही. काम नसणे हीच जर विश्रांती असेल, तर देवळालीसारखे विश्रांतिस्थान शोधून सापडले नसते. प्रत्यक्षात तिथूनच वेडाचे नाव निघाले.

मराठीत त्या अवस्थेला नेमके क्रियापद आहे: ‘करमत नाही’. या क्रियापदाची गंमत अशी, की त्याचा कर्ता कोणी नसतो. ‘मला करमत नाही’ या वाक्यात काहीतरी घडत नाही एवढेच सांगितले जाते. कोण करत नाही, ते सांगितले जात नाही. ‘करमणूक’ हा शब्द याच क्रियापदातून आला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली आपल्या साप्ताहिकाला तेच नाव दिले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’सारखी कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या कादंबरीने वाचकांची झोप उडवावी, तीही करमणुकीच्याच छत्राखाली आली. करमणूक म्हणजे हलकेफुलके काहीतरी, असा अर्थ पुढे रूढ झाला असेल. मुळात ती मनाला कुठेतरी जागा करून देणारी गोष्ट आहे.

संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर संगणकापुढे बसून एकट्यानेच खेळणाऱ्यांविषयी जे बोलले जाते, त्यात ही जागा कोणी लक्षात घेत नाही. ‘वेळ घालवणे’ असे म्हणून विषय संपवला जातो. एकट्याने खेळण्याची रीत तशी जुनी. पत्त्यांच्या अशा डावांना इंग्रज ‘पेशन्स’, म्हणजे धीर, म्हणतात. अमेरिकन ‘सॉलिटेअर’ म्हणतात. १९९० साली ‘विंडोज ३.०’बरोबर हा डाव जगभरच्या कचेऱ्यांत शिरला. वेस चेरी नावाच्या एका उमेदवाराने तो लिहिला होता. साहेब आले की एक कळ दाबून पडद्यावर दुसरेच काही दाखवण्याची सोयही त्याने केली होती. ती कंपनीने काढून टाकली. पत्ता माउसने उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्याची सवय लोकांना लागावी, हाही त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. तसा तो कामाचाच सराव होता. त्याआधी १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हने ‘टेट्रिस’ रचला होता. वरून ठोकळे पडतात, ओळ भरली की नाहीशी होते. पुढच्या काळात तो हातात धरायच्या स्वस्त यंत्रांतून आपल्या जत्रांपर्यंतही पोहोचला.

या खेळांत विश्रांती कुठून येते? आमच्या मते ती कामाच्या आकारातून येते. कचेरीतल्या कामाला कडा नसतात. एक फाईल पुढे सरकते ती दुसऱ्या तीन फायली घेऊन परत येण्यासाठी. शिक्षकाने तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे पुढे काय होते, ते त्याला क्वचितच कळते. उलट खेळातले काम लहान असते, नजरेच्या टप्प्यात असते, आणि मुख्य म्हणजे ते संपते. मिहाय चिक्सेंतमिहायी यांनी १९९० सालच्या ‘फ्लो’ या ग्रंथात ज्या तल्लीनतेचे विवेचन केले, तिची अट हीच आहे: आव्हान आणि कुवत यांचा मेळ बसला पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील केट स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८च्या सुमारास एक प्रयोग प्रसिद्ध केला. तुमच्या छायाचित्रावरून इतर लोक तुमच्या रूपाला गुण देत आहेत, असे सांगून त्यांनी काही तरुणांना निकालाची वाट पाहत बसवले आणि तोवर ‘टेट्रिस’ खेळायला दिला. अगदी सोपा खेळ मिळालेले कंटाळले, अगदी कठीण मिळालेले चिडले. ज्यांच्या कुवतीप्रमाणे खेळाचा वेग बदलत गेला, त्यांना ते वाट पाहणे सर्वांत सुसह्य झाले. हे वाचताना आम्हांला आमच्या छावणीतले ते सैनिक आठवले नसते तरच नवल.

आम्ही स्वतः गेली काही वर्षे संध्याकाळी खेळतो तो खेळ शेतीचा आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हे त्याचे नाव. एरिक बॅरोन या तरुणाने चित्रे, संगीत, कथा, सारे काही एकट्याने चार वर्षांहून अधिक काळ राबून रचले आणि २०१६च्या फेब्रुवारीत खेळ प्रसिद्ध केला. एका कंपनीच्या कोंदट कचेरीत काम करणारा माणूस आजोबांचे पत्र उघडतो आणि त्यांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर जाऊन राहतो, इथून खेळ सुरू होतो. पार्सनिप नावाच्या, पांढऱ्या गाजरासारख्या कंदाचे पंधरा बियाणे गावप्रमुखाकडून मिळते. जमीन खणावी, बी टाकावे, तळ्यावरून झारी भरून आणावी, पाणी घालावे, निजावे. चौथ्या दिवशी कंद तयार. घराशेजारच्या पेटीत टाकला की सकाळी पैसे जमा. तिथला एक दिवस आपल्या घड्याळात जेमतेम पाव तासाचा. हा खेळ ज्याच्या प्रेरणेने झाला, तो १९९६ सालचा ‘हार्व्हेस्ट मून’ हा जपानी खेळ यासुहिरो वादा यांनी रचला होता. ग्रामीण भागातून टोकियोला आलेल्या वादांना मागे राहिलेल्या गावाची ओढ होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटायला नको. थिओक्रिटसने सिसिलीच्या मेंढपाळांची गोपगीते रचली, ती अलेक्झांड्रियासारख्या महानगराच्या वाचकांसाठी. विल्यम एम्प्सनने १९३५ साली ‘सम व्हर्जन्स ऑफ पास्टोरल’मध्ये या साहित्यप्रकाराची चिकित्सा केली. जे साहित्य कष्टकऱ्यांविषयी असते, ते बहुधा त्यांनी लिहिलेले नसते आणि त्यांच्यासाठीही नसते, हे त्याने तिथे दाखवून दिले. आपल्याकडे आनंद यादवांची ‘झोंबी’ १९८७ साली आली, तेव्हा मराठी वाचकाला शेताच्या त्या रम्य चित्राची दुसरी बाजू पुरती कळली. तेव्हा संगणकावरची शेती ही गोपगीताचीच ताजी आवृत्ती आहे, असे म्हणून हा लेख येथे संपवता आला असता. परंतु आमच्या बाबतीत एक अडचण आहे. आमचे घर मूळचे निफाड तालुक्यातले, आणि घरची शेती थोरले बंधू अजून करतात.

दवाखान्याच्या कामासाठी भाऊ दोन दिवस कॅम्पात आमच्याकडे मुक्कामाला होते. जेवणे झाल्यावर आम्ही लॅपटॉप उघडला, तेव्हा ते शेजारी येऊन बसले.

“पाणी कुठून घेतोस?” त्यांनी विचारले.

“तळ्यातून.”

“रात्रीच्या लाइटीची भानगड नाही?”

“नाही.”

“बरंय. भाव काय मिळतो?”

“पस्तीस.”

“आज पस्तीस. उद्या?”

“उद्याही पस्तीस, भाऊ. माल जरा चांगला निघाला तर थोडा जास्त. पण पस्तीसच्या खाली नाही.”

“आणि साऱ्या शिवारानं हेच लावलं तर?”

“तरी पस्तीस.”

भाऊ थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “असं असतं तर आम्हीपण रोज खेळलो असतो.” त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. त्यांनी माउस हातात घेतला, राहिलेल्या वाफ्याला पाणी घातले, एक वाफा वाकडा पडला होता त्यावर आमची कानउघाडणी केली, आणि झोपायला गेले.

भाऊंच्या प्रश्नांमागचा हिशेब आमच्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? कांद्याचे रोप टाकल्यापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने जातात. त्यानंतर चाळीत साठवण, मग ट्रॅक्टर भरून बाजार समितीत लिलाव. २०१८च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डर करून पंतप्रधानांकडे पाठवून दिले. २०२३च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले आणि लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस गारपिटीने निफाडच्या द्राक्षबागा झोडपल्या, आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली. खेळातही संकटे आहेत. बुजगावणे नसेल तर कावळे पीक खातात. ऋतू पालटला की उभे पीक वाळते. पण तिथे पाणी घालायचे राहिले तर रोप मरत नाही, नुसते थांबते. आणि कष्ट व मोबदला यांच्या मध्ये कोणी उभा नसतो.

म्हणून आम्हांला असे वाटते, की या खेळात रमणाऱ्याला शेती हवी असते, हा समजच चुकीचा आहे. त्याला हवी असते हमी. केलेल्या कामाचे फळ त्या कामाच्या प्रमाणात मिळेल, एवढी साधी हमी. ती कांदा उत्पादकाला नाही, तशी कंत्राटावर तासिका घेणाऱ्या प्राध्यापकालाही नाही. भाऊंनी खेळाला नावे ठेवली नाहीत, याचेही कारण हेच असावे. त्यांना त्यात शेतीची थट्टा दिसली नाही. त्यांना त्यात आपल्या शेतीत जे नाही ते दिसले.

तरीही एक प्रश्न उरतोच. टॉल्किनने परीकथांवरील निबंधात कैद्याची सुटका आणि रण सोडून पळणाऱ्याची पळवाट यांत भेद करायला सांगितले होते; टीकाकार या दोहोंची गल्लत करतात, ही त्याची तक्रार होती. आपल्याकडे फडके-खांडेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादातही ही गल्लत थोडीफार होतीच. शेत सोडून नोकरीला आलेला आणि संध्याकाळी पडद्यावर शेत करणारा माणूस कैदी की पळपुटा? आमचे उत्तर असे, की हे खेळावरून ठरत नाही. खेळ बंद केल्यावर तो काय पाहतो, त्यावरून ठरते. पस्तीसच्या स्थिर भावाची सवय झालेल्या डोळ्यांना लासलगावचा फलक जर अधिक अस्वाभाविक दिसू लागला, तर त्या खेळाने झोप आणण्यापलीकडे काही केले, असे म्हणता येईल.

शिवाय खेळ बंद करता येणे, हीही लहान गोष्ट नव्हे. २००९ साली ‘फेसबुक’वर आलेला ‘फार्मव्हिल’ हाही शेतीचाच खेळ होता. वेळेत परत आला नाहीत तर त्यातले पीक करपून जाई, आणि शेजाऱ्यांना साद घातल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. कामावरून सुटलेल्या माणसाला त्याने दुसऱ्या कामाला जुंपले. २०२०च्या अखेरीस तो बंद झाला, पण त्याची रीत आजच्या फोनमधल्या असंख्य खेळांनी उचलली आहे. एकट्याच्या चांगल्या खेळाची खूण आम्ही अशी मानतो, की तो आपल्याला बोलावत नाही. आपण उठून गेलो की तो आहे तिथे थांबतो. तिथला सूर्य मावळत नाही, रोप सुकत नाही. दिवसभर आपण कशाची ना कशाची वाट पाहत असतो, बढतीची, निकालाची, पावसाची, भावाची. घटकाभर आपली वाट पाहणारे काहीतरी असावे, आणि त्या वाट पाहण्याने त्याचे काही बिघडू नये, एवढ्यावर बहुतेकांचा ताप उतरतो. भाऊंचा मात्र तेवढ्याने उतरत नाही. त्यांच्यासाठी भावच थांबावा लागेल.