गाळलेलं पाणी आणि चार एकर रान



आमच्या सासूबाई गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. दुहेरी सुती फडकं घागरीच्या तोंडाला बांधायचं, सावकाश पाणी ओतायचं आणि फडक्यातली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडून यायची. १९८३ साली मी बी.कॉम. होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे शिकवलं.

आणि त्याच घरातली माणसं उसाला पाण्याची पाळी आली की रात्री पाट सोडून सकाळपर्यंत झोपत!

आमचं रान शिरोळ तालुक्यातलं, आजेसासऱ्यांपासूनचं, चार एकर काळं. नदीवरून सहकारी स्कीमचं पाणी आलं आणि शाळू, हरभरा, भुईमूग जाऊन नुसता ऊस राहिला. घरची वही माझ्याकडे. पाणीपट्टी एकरावर होती, वापरावर नाही. म्हणजे कमी पाजलं काय, जास्त पाजलं काय, पैसे तेवढेच. मग हात आखडणार कोण? हिशेब शिकलेल्या मला हे दिसत होतं, पण मी कधी बोलले नाही. रान पुरुषांचं, वही माझी, अशी वाटणी होती ना.

जास्तीचं पाणी खाली मुरत गेलं, जमिनीतली पातळी वर आली आणि पाण्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाळ्यात रान मीठ शिंपडल्यासारखं पांढरं दिसायचं. एकरी पन्नास टन ऊस अठरावर आला. पुढे खालच्या दीड एकरात बी उगवेनासंच झालं. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, विकून टाकूया."

शेती ही उद्योगी हिंसा, गृहस्थाला ती पूर्ण टळत नाही, हे आपण सगळ्या ऐकत आलोय. पण विनाकारण पाणी सांडणं हा अनर्थदंड, त्यातली प्रमादचर्या. एका दशलक्षण पर्वात प्रवचनात हे ऐकलं आणि मला ते पांढरं रान डोळ्यांपुढे आलं. आजवर मी ते फक्त पाण्याच्या नळाला लावून ऐकत होते.

उपाय होता. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारं पाणी ओढ्याला काढायचं. ठेव मोडायची माझी तयारी होती. पण ओढा चुलत जावेच्या रानापलीकडे, आणि त्यांच्याशी बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद! त्यांच्या रानातून चर खणल्याशिवाय पाइप जाणार नव्हती.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून थेट त्यांच्या दारात गेले. हात जोडले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "माफी मागायला आलीस का पाइप घालायला?"

मैत्रिणींनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. खोटं बोलवेना. म्हटलं, "आक्का, दोन्हीला. पण पाइप नाही म्हणालात तरी माफी मागितलेली राहू दे."

त्या आत गेल्या. मी दारातच उभी. बऱ्याच वेळानं तांब्याभर पाणी घेऊन आल्या. "गाळलेलं आहे," म्हणाल्या. पाइपबद्दल त्या दिवशी एक अक्षर नाही. महिन्याभरानं त्यांच्या मुलाचा फोन आला, की आमचंही रान फुटलंय, दोन्हीकडचं एकदमच जोडून घेऊ.

पुढच्या मे महिन्यात चर खणले. पहिल्या पावसात पाइपच्या तोंडातून पाणी वाहायला लागलं, ते बघायला आम्ही दोघी जावा छत्री धरून ओढ्यावर उभ्या होतो. धैंचा करून गाडला, दोन वर्षांनी गहू पेरला. दीड एकरात सात पोती झाली. उसाच्या पैशापुढे ते काहीच नाही, वहीत तसंच लिहिलंय.

वरच्या रानात आता ठिबक आहे. मोटर किती तास चालली ते आमचे हे रोज सांगतात आणि मी लिहिते. कधी सांगायचं विसरले, तर जेवायला वाढण्याआधी विचारते.