पहारीच्या टोकाला

लातुरात आमच्या गल्लीतला जुना वाडा पाडताहेत. परवा धूळ बसावी म्हणून ढिगावर टँकरनं पाणी मारलं आणि ओल्या पांढऱ्या मातीचा वास आला. हातात भाजीची पिशवी, मी तिथंच थांबलो. वाड्याचं मला काही नव्हतं.

किल्लारीला आमच्या माळवदावर हीच माती. पावसाळ्याआधी नवा थर घालायचा, जुना काढायचा नाही. खाली दगड-चिखलाच्या रुंद भिंती, त्यात कोनाडे. उन्हाळ्यात आत इतका गारवा की दुपारी कुणी बाहेर पडत नसे. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. भूकंप. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

मला आठवते ती पहार. वडील ती ढिगात खुपसत होते. अडली की दोन पावलं पुढं. सर्रकन आत गेली की ओरडायचे, "गप बसा रे!" मग सगळे जमिनीला कान लावायचे. सिमेंटचा स्लॅब पडला तर खाली कुठं तरी सापट राहते. माळवद सापट ठेवत नाही. माती सगळीकडं शिरते, नाकातोंडातसुद्धा. चुलत्याच्या खोलीवर पहार कुठंच गेली नाही. आजीच्या खोलीवर गेली. तुळई पत्र्याच्या कोठीवर अडकली होती, तिच्याखाली आजी.

कॉलेजात चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचं भाषांतर हाती आलं. चाकाला तीस आरे, पण गाडी चालते मधल्या भोकामुळं. भांडं मातीचं, उपयोग आतल्या रिकामेपणाचा. दारं-खिडक्या कोरल्या, घर झालं ते पोकळीनं. पटलं, आणि रागही आला. या बाबानं छताचं वजन धरलेलंच नाही. पुढं एका व्याख्यानात एक गृहस्थ शून्यावर तासभर गोड बोलले. नंतर चहाला मी त्यांना टाळलं. अजून टाळतो.

तिसऱ्या शतकात वांग बी नावाचा लाओत्सेचा भाष्यकार झाला, तेविशीतच गेला. सगळ्याचं मूळ 'नसणं', असं त्यानं ठासून मांडलं. प्रचलित पोथीतही तसंच आहे: वस्तू असण्यातून आणि असणं नसण्यातून. पण आम्ही उघड्यावर दिवस काढत होतो त्याच ऑक्टोबर १९९३ मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात, ग्वोदियानला, एक थडगं उकरलं गेलं. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराचं. आत बांबूच्या पट्ट्या, त्यांवर लाओत्से; आजवर सापडलेल्यांत सगळ्यात जुना. त्या वाक्यातलं एक अक्षर पट्टीवर नाही. त्यामुळं असंही वाचता येतं की वस्तू असण्यातून होतात आणि नसण्यातूनही. काही अभ्यासक म्हणतात, लिहिणारा विसरला. मी पट्टीच्या बाजूचा. कोठी ज्वारीनं गच्च भरलेली होती म्हणून तिच्याशेजारी पोकळी राहिली. रिकामी असती तर आजीसकट चेपली असती.

नव्या गावात घर मिळालं. आजीला त्यात कोनाडा पाहिजे होता. इंजिनिअर म्हणाला, "आजी, भिंत पातळ आहे, कोनाडा बसत नाही."

"मग चिमणी कुठं ठेवू?"

"लाइट आहे की."

"आन् लाइट गेल्यावर?"

तो नकाशा गुंडाळून शेजारच्या घरी गेला. आजीनं मग खिळा ठोकून चिमणी टांगली, आणि मरेपर्यंत त्या पोराला नावं ठेवली.

कोठी आता चुलतभावाकडं आहे, वरच्या कडेला तुळईचा चेप तसाच. शेतात सोयाबीन, ज्वारी किलोवर विकत आणतात. कोठीवर इन्व्हर्टरची बॅटरी ठेवलीय. भंगारात काढतो म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, मला दे. बायकोनं फ्लॅटचं दार मोजलं. कोठी चार बोटं जास्त रुंद निघाली. चौकट काढता येईल का, म्हणून सुताराला विचारलं, तर तो म्हणतो, "साहेब, चौकट कशाला? कोठीच कापून आणा की."