केशर नसलेलं केशरगाव

सॅफ्रन वॉल्डन हे इंग्लंडच्या एसेक्स भागातलं, केंब्रिजपासून साधारण २४ किलोमीटरवर असलेलं बाजाराचं गाव. सॅफ्रन म्हणजे आपलं केशर. पण नाव ऐकून जांभळ्या फुलांची शेतं बघायला गेलात तर पंचाईत होईल. मी आईसाठी तिथल्याच दुकानातून केशराची डबी घेतली, खोलीवर येऊन लेबल वाचलं, तर माल स्पेनचा. आई फोनवर म्हणाली, "अगं, मग एवढ्या लांब कशाला गेलीस?"

तरी मी जाते. केंब्रिजमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करत होते. 'होते' हे क्रियापद नवीन आहे, अजून तोंडात बसलेलं नाही. आमची अख्खी टीम एका मीटिंगमध्ये कमी झाली. इथे वर्क व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की व्हिसा देणारी दुसरी कंपनी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. माझे २३ संपलेत. आठवडाभर अर्ज आणि इंटरव्ह्यू, शनिवारी वॉल्डनची बस.

शनिवारीच, कारण मंगळवार आणि शनिवार हे तिथले बाजाराचे दिवस. ११४१च्या सुमारास जेफ्री द मँडव्हिल नावाच्या सरदाराने सम्राज्ञी मटिल्डाची परवानगी मिळवून शेजारच्या न्यूपोर्टचा बाजार उचलून आपल्या किल्ल्यापाशी आणला. किल्ल्याची आता फक्त पडकी भिंताडं उरलीत, बाजार चालू आहे. चीज, मासे, कुंड्या, पाव आणि भाव विचारून काहीच न घेणारी माणसं (त्यात मीही). गावाला तेव्हा चिपिंग वॉल्डन म्हणत. चिपिंग म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. हे वाचलं आणि मला हसूच आलं, कारण मी पेठ वडगावची. आमच्या गावाच्या नावातही पुढे पेठ आहेच की! कोल्हापूरकडच्या कुणालाही हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

मग सोळाव्या शतकात पेठ गेली आणि केशर आलं. म्हणजे बाजार होताच, पण केशराचं नाव इतकं झालं की गावाची ओळखच बदलली. रंगाला, औषधाला, स्वयंपाकाला केशर लागायचं. ते पिकवणाऱ्यांना 'क्रोकर' म्हणत. एका फुलात तीन तंतू. ग्रॅमभर सुक्या केशराला साधारण दीडशे फुलं. फूल उमललं की लगेच खुडायचं, बसून तंतू वेगळे करायचे, हलक्या आचेवर वाळवायचे. एक दंतकथा सांगते, की कुणा यात्रेकरूने पूर्वेकडून पोकळ केलेल्या काठीत एकच कंद लपवून आणला. थोडक्यात, हा इंग्लंडचा मान कागदपत्रांशिवाय आलेला!

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती त्या झाडाची गोष्ट. केशराला बी धरत नाही. जमिनीतले कंद माणसाने उकरायचे, वेगळे करायचे, पुन्हा लावायचे. जगात कुठेही ते आपलं आपण रानात उगवलेलं सापडत नाही. माणसांनी हात काढून घेतला की संपलं. वॉल्डनमध्ये तेच झालं. मजुरी परवडेना, बाहेरचं केशर स्वस्त पडू लागलं, आणि अठराव्या शतकात हे पीक हळूहळू गेलं. जमिनीत बार्ली आली, गावात माल्ट करायचा धंदा फोफावला. जुन्या घरांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात उठावाची नक्षी आहे. ओल्ड सन इन या इमारतीवर तर १६७६ सालाचा आकडा आणि दोन राक्षसी पुरुष आहेत. पर्यटक तिथे थांबून फोटो काढतात. क्रोकरांचं मात्र गावाच्या नावाखेरीज फार काही उरलेलं नाही. गावच्या मोहोरेवर भिंतींनी वेढलेली केशराची फुलं होती. इंग्रजीत 'वॉल्ड इन' म्हणजे भिंतीआड, त्यावरची कोटी. पीएनजी फाइल नव्हती तेव्हाचा लोगो.

गावाच्या मानाने अवाढव्य असलेल्या सेंट मेरी चर्चमध्ये मी नोकरी गेल्यावरच नीट बसले. १६४७च्या वसंतात इथे पार्लमेंटच्या सैन्याच्या बैठका झाल्या. राजाविरुद्धचं युद्ध जिंकून झालं होतं, आणि पार्लमेंटला आता सैन्य मोडीत काढायचं होतं. पगार महिनोन्महिने थकलेले. सैनिक म्हणाले, आधी थकबाकी द्या. पलटणींनी आपापले प्रतिनिधी निवडले. त्यांना 'ॲजिटेटर' म्हणत. मे महिन्यात खुद्द क्रॉमवेल समजूत काढायला या चर्चमध्ये आला होता. राजकारणाच्या पुस्तकात हे लोकशाहीच्या इतिहासाचं प्रकरण असतं. मला ते काम झाल्यावर नकोशा झालेल्या माणसांचं वाटलं. आमच्या त्या मीटिंगमध्ये सगळे म्यूटवर होते.

बाजारापासून पाच मिनिटांवर 'कॉमन' नावाचं गायरान आहे. तिथे हिरवळीत कोरलेला चकवा आहे, या प्रकारातल्या इंग्लंडमध्ये उरलेल्यांपैकी सगळ्यात मोठा. वाट एकच, साधारण दीड किलोमीटर, फाटे नाहीत, त्यामुळे चुकायची सोयच नाही. मध्यबिंदू हाताच्या अंतरावर येतो आणि वाट तुम्हाला पार कडेला नेऊन सोडते. लहान मुलं सरळ रेघा तुडवत मधे जाऊन उभी राहतात. ब्रिज एंड गार्डनमध्ये कुंपणाच्या झुडपांचा दुसरा एक चकवा आहे, त्यात खरोखर हरवता येतं. मला पहिलाच आवडतो. इंटरव्ह्यूत मला रोज इतके फाटे विचारतात, की पाऊण तास नुसतं वळत राहायला बरं वाटतं.

गेल्या काही वर्षांत एसेक्समध्ये कुणीकुणी पुन्हा केशर लावू लागलंय. कंद उन्हाळ्याच्या शेवटी लावायचे, फुलं ऑक्टोबरात. म्हणजे माझ्या साठ दिवसांच्या पलीकडे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "कंद टिकतात काय गं प्रवासात? वडगावात लावून बघू." आमच्या उकाड्यात ते येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

मंगळवारी लीड्सच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू आहे. तोवर स्पेनच्या केशराचं श्रीखंड करावं म्हणते. चक्का बांधून ठेवलाय.